उधारीचा पाव

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने चार शब्द बोलावेत असा मंडळाचा प्रघात आहे. यंदा माझी पाळी आली. चिटणीसबाईंनी विषय विचारला, तेव्हा मी "पाव" असे सांगितले. त्यांनी वहीत "भाव" असे लिहून घेतले, आणि "देवाचा की बाजाराचा?" असे विचारले. मी म्हटले, "अहो, बेकरीतला पाव!" त्या जराशा हिरमुसल्या. पण माझे बोलणे संपेल तोवर पावात देवाचा भाव आणि बाजारभाव असे दोन्ही असतात हे आपल्याला पटेल, अशी मला आशा आहे.

आपल्या लोणावळ्याचे नाव काढले की लोकांना चिक्की आठवते. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, चिक्कीची खोकी बांधून नेतात. परंतु गाव काही चिक्कीवर जगत नाही. पहाटेच्या गाडीला जाणारा कामगार, भाजीची पाटी घेऊन आलेली नाणे मावळातली बाई, शाळेचे पोर, रात्रपाळीहून परतणारा माणूस, यांच्या हातात तुम्हाला चहाचा पेला आणि पाव दिसेल. मी बोलणार आहे ती बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्याशा, स्वस्त बेकरीविषयी. तिचे नाव मी घेत नाही; ज्यांना कळायचे त्यांना कळेलच.

मी १९६६ साली लग्न होऊन पवन मावळातून येथे आले. आमचे मावळ म्हणजे भाताचा मुलूख. आंबेमोहोराचा वास ठाऊक. गव्हाची पोळी सणासुदीची. पाव मी माहेरी फक्त एकदा, तापातून उठल्यावर, दुधात बुडवून खाल्ला होता. लोणावळ्यास आले तर पहाटे चारलाच खमंग वास घरात शिरे. बेकरी आमच्या चाळीपासून तीस पावलांवर. पण ती तीस पावले ओलांडायला मला आठ वर्षे लागली.

कारण आमच्या सासूबाई. सोवळेओवळे फार कडक. पाव पायाने मळतात, म्हणूनच त्याला पाव म्हणतात, अशी त्यांची पक्की समजूत. तशी ती पुष्कळांची होती. खरे म्हणजे तो शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत भाकरीला जवळजवळ असेच म्हणतात. गोव्यातून तो आपल्याकडे आला. गोव्यात पीठ फुगवायला ताडी घालीत. म्हणजे पायाचा दोष नसला तरी ताडीचा होताच. त्यामुळे मी सासूबाईंना हा इतिहास कधी सांगितला नाही! मुलांनी हट्ट केलाच तर हे दोन बन आणीत. पण ते बाहेर ओट्यावर बसून खायचे, हातपाय धुवायचे आणि मगच घरात यायचे, असा नियम होता.

आता थोडे गावाविषयी. हे गाव वाढले ते रेल्वेमुळे. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढून आली. पंचवीस बोगदे, आणि चढण अठराशे फुटांवर. एका वेळी चाळीस हजारांवर माणसे त्या डोंगरात राबत होती. पटकीने आणि तापाने किती मेली याला गणती नाही. आपणा बायकांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट यात आहे. या कामाचा ठेका १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज ठेकेदाराकडे आला आणि तो थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. तेव्हा त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडला नाही. जाणते इंजिनियर हाताशी धरून तिने ते काम तडीस नेले. पुढच्या वेळी घाटातून जाताना बोगदे मोजाल तेव्हा तिची आठवण काढा.

तर अशा या रेल्वेच्या गावात आमचे हे रेल्वेत होते. १९७४ साल उजाडले. आधीच बहात्तरच्या दुष्काळाने कंबर मोडली होती. रेशनवर आलेला तांबडा मिलो खाऊन पोरांची तोंडे वाकडी झालेली. महागाई तर रोज वाढत होती. अशात ८ मे रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. सतरा लाख कामगार संपात होते असे म्हणतात. धरपकड त्याच्या आधीच सुरू झाली होती. एका रात्री यांचे मित्र निरोप घेऊन आले, आणि पगार हाती पडण्याआधीच हे अंगावरच्या कपड्यांनिशी मावळात नातलगांकडे निघून गेले. घरात सासूबाई, मी आणि तीन मुले. थोरली लेक पाच वर्षांची, धाकटा अंगावर पिणारा.

पहिला आठवडा डब्यातल्या पिठावर गेला. मग वाण्याने वही मिटली. त्यालाही मी दोष देत नाही. अर्धी आळी रेल्वेची; सगळ्यांनाच उधार दिले असते तर तोच बुडाला असता. त्या सकाळी चूल पेटली नाही. थोरली ओट्यावर बसून बेकरीकडे बघत होती. ती रडत नव्हती, मागतही नव्हती, नुसती बघत होती. ते मला पाहवले नाही. मी पदर खोचला आणि ती तीस पावले चालत गेले.

बेकरीत दोन पायऱ्या उतरून जावे लागे. आत अंधार, आणि मध्ये विटांची घुमटासारखी भट्टी. बेकरीवाल्यांना सारे गाव चाचा म्हणे. अंगात बनियन, पापण्यांवर मैदा. मी फळीपाशी उभी राहिले खरी, पण तोंडातून शब्द फुटेना. मागायची सवय नव्हती. चाचांनी माझ्याकडे एकवार पाहिले आणि विचारले, "ताई, घरात खाणारी माणसं किती?" मी म्हटले, "पाच." त्यांनी एक लादी कागदात बांधली, दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक रेघ ओढली आणि म्हणाले, "रोज सहाला या. नंतर गर्दी असते." त्याहून एक अक्षर जास्त नाही. यजमान कुठे आहेत, पैसे कधी देणार, काही विचारले नाही. त्या दारावर माझ्या रेघेच्या वर आणि खाली कितीतरी रेघा होत्या. तेव्हा मला कळले की, आमच्या आळीत चुली न पेटलेल्या घरांची यादी कुणाजवळ असेल तर ती या दारावर आहे.

मी पाव घेऊन आले. मुले सवयीने ओट्यावर बसली. सासूबाई देवापाशी होत्या, त्या उठून दारात आल्या. आता काय ऐकावे लागते म्हणून मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "पोरांना आत घे. बाहेर बसून खायला नको. आपल्याकडे चूल पेटली नाही हे साऱ्या आळीनं कशाला बघायचं?" त्या दिवशी पाव आमच्या घरात आला. त्यांनी स्वतः मात्र तो तोंडात घातला नाही. त्या शेंगदाणे आणि ताक यांवर राहिल्या. मी पुष्कळ विनवले. "माझं मला राहू दे," एवढेच त्या म्हणाल्या. पुढे पुष्कळांनी त्यांना हट्टी म्हटले. मला तसे कधी वाटले नाही. आपला नेम आपल्यापुरता ठेवून त्यांनी मुलांवरचा काढून घेतला, हे सोपे नव्हे.

२७ मे रोजी संप मागे घेतला गेला. हे परत आले. संपातल्या दिवसांचा पगार नाही, त्यात नोकरीत खंड धरला गेला. घर रुळावर यायला दसरा उजाडला. तोवर आमच्या नावावर एकसष्ट रेघा झाल्या होत्या. मी रोज भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिंब करीत असे, म्हणून आकडा पक्का सांगते. पैसे घेऊन गेले तेव्हा वाटले, चाचा म्हणतील, "राहू द्या ताई, पाचदहा कमी द्या." पण त्यांनी एकसष्टच्या एकसष्ट मोजून घेतले. सुटे दोन पैसे परत केले, आणि ओल्या फडक्याने आमच्या रेघा पुसून टाकल्या.

भगिनींनो, खरे सांगते, तेव्हा मला किंचित राग आला होता. वयाबरोबर कळत गेले की, त्यांनी एक लादी जरी सोडली असती तरी ते दान झाले असते, आणि मी जन्मभर त्या गल्लीतून मान खाली घालून गेले असते. त्यांनी मला दान दिले नाही, विश्वास दिला. पैसे पुरते घेतले, म्हणून मला ताठ मानेने चालता आले.

त्या दिवाळीला सासूबाईंनीच विषय काढला. "त्या बेकरीत नानकटाई भाजून देतात म्हणे?" त्या काळी ही पद्धत घरोघर होती आणि काही ठिकाणी अजून आहे. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, वेलदोडा आपण न्यायचे, किंवा पीठ मळूनच न्यायचे. बेकरीतले कारागीर पत्र्यावर गोल मांडून भट्टीत घालतात. पत्र्यावर नावाची चिठ्ठी असते. भाजणावळ किलोवर घेतात. ही पाळी नेहमी दुपारची असते, कारण पावाला भट्टी कडक लागते. विटा तापून लाल झाल्या की, निखारे बाजूला ओढून आधी पाव आत जातो. गोळे खेटून ठेवलेले असतात, ते फुगून एकमेकांना चिकटतात, त्याचीच लादी होते. ऊन उतरावे तशी भट्टी उतरत जाते. मग खारी, मग टोस्ट आणि बटर. मंद आच राहिली की नानकटाई. घरचा शेवटचा विस्तव बायका दुधासाठी राखतात ना, तसेच हे शास्त्र.

मी भीत भीत म्हटले, "सासूबाई, भट्टी तीच आहे हो." त्या म्हणाल्या, "पीठ आपलं, तूप आपलं, मळणारा हात आपला. अग्नी काय, तो साऱ्यांचाच!" आणि भाजून आल्यावर पहिली ताटली त्यांनी चाचांच्या घरी पाठवली. देवाला दुसरी.

ही कथा मी कुणाला सांगितली नव्हती. उधारीची गोष्ट कोण सांगतो? पण ती मला सांगावी लागली, आणि तीही सातासमुद्रापलीकडे.

२००९ साली मी थोरल्या लेकीकडे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. आदल्या वर्षी तिकडे मोठी मंदी आली होती आणि जावईबापूंची नोकरी गेली होती. मला कुणी सांगितले नव्हते, पण आईला डब्यांवरून कळते. एक दिवस लेक मला चिनी वस्तीत घेऊन गेली. ही अमेरिकेतली सर्वांत जुनी चिनी वस्ती. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत जळाली आणि पुन्हा उभी राहिली. तिथे एका चिंचोळ्या दुकानात गर्दी होती. बेकरी! वास नाकात गेला आणि मला आमची चाळ आठवली. लेक हळूच म्हणाली, "आई, तुला चांगल्या ठिकाणी न्यायचं होतं गं. पण सध्या हात आखडता आहे. ही फार स्वस्त आहे." असे म्हणताना तिने मान खाली घातली. ती मान मी ओळखली. चाचांच्या फळीपाशी माझी तशीच झाली होती.

त्या बेकरीची रीत सांगते. दारातच एक तबक आणि चिमटा घ्यायचा. काचेच्या कपाटांतून हवा तो बन चिमट्याने आपणच उचलायचा आणि गल्ल्यापाशी न्यायचा. तिथल्या झकपक दुकानांत नुसत्या कॉफीला जेवढे पडतात तेवढ्यात तीन बन येतात. बाकांवर म्हातारे चिनी बाबा पेपर पसरून, एका बनावर आणि एका पेल्यावर तासभर बसलेले. त्यांना कुणी उठा म्हणत नाही. बनाला चिनी भाषेत "बाव" म्हणतात. आपल्या पावाशी त्याचे काही नाते नाही, पण ऐकायला जाऊ-जाऊ वाटतात. एका बनाला अननसाचा बन म्हणतात. वर साखरेचे भेगाळलेले कवच असते, ते अननसाच्या सालीसारखे दिसते म्हणून. आत अननसाचा कणही नाही. मी लेकीला म्हटले, "आपल्या बटरात तरी लोणी कुठे असतं?" तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली. हा बन मूळ हाँगकाँगचा. तो करण्याची हातोटी तिथल्या सरकारने २०१४ साली आपल्या सांस्कृतिक ठेव्याच्या यादीत घातली. स्वस्त बेकरीचा जिन्नस, पण मान केवढा!

पण जाणाऱ्यांनी एक जपावे. काही बनांत डुकराचे मांस असते, काही पापुद्र्यांना चरबीचे मोहन असते. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे. लेकीने मला विचारून दिला तो तांबड्या घेवड्यासारख्या बारीक दाण्यांचे गोड सारण भरलेला बन. एक घास खाल्ला आणि थबकले. अहो, पुरणच! दाणे शिजवून, वाटून, साखर घालून आटवलेले. वेलदोडा तेवढा नव्हता.

तिथे बसून मी लेकीला संपाची गोष्ट सांगितली. दारावरच्या रेघा, एकसष्ट लाद्या, आजीने तिला ओट्यावरून आत घेतले ते. तिला फक्त वास आठवत होता. ऐकून ती म्हणाली, "मग मी एवढी लाजते कशाला?" तिने उठून आणखी दोन बन आणले, आणि या खेपेस मान वर होती.

पुढे तिनेच मला वाचून दाखवले की, कॅलिफोर्नियातून डोंगर फोडून पूर्वेकडे रेल्वे नेणारे बहुतेक मजूर चिनी होते, दहा हजारांहून अधिक. ते काम १८६३ साली सुरू झाले आणि १८६९ साली पुरे झाले. म्हणजे आपला बोरघाट संपला त्याच वर्षी तिकडचे सुरू झाले! आणि रूळ टाकून झाल्यावर १८८२ साली तिथल्या सरकारने चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली. ती १९४३ पर्यंत टिकली. अशा दिवसांत त्या लोकांनी एकमेकांच्या आधाराने दुकाने, खाणावळी चालवून वस्ती राखली. स्वस्त बेकरीत म्हाताऱ्यांना कुणी उठवत नाही, त्याचे मूळ मला तिथे दिसले.

परत आल्यावर एका जाणत्या गृहस्थांनी मला सांगितले की, नानखटाईतले "नान" म्हणजे फारसीत रोटी, आणि "खटाई" हे चीनच्या जुन्या "खता" या नावावरून आले असे काही कोशकार मानतात. खरे असेल तर आमच्या सासूबाईंनी १९७४ सालीच चिनी रोटी देवाला दाखवली म्हणायची!

असो. आता आजचे सांगते आणि थांबते. चाचा केव्हाच गेले. बेकरी त्यांचा नातू चालवतो. २००२ साली द्रुतगती मार्ग झाला, गावात मोटारी वाढल्या, पण त्या दोन पायऱ्या उतरणारी माणसे कमी झाली. घरोघर पाकिटातला कापलेला पाव आला. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर आणाव्यात असा आदेश दिला. धुराचा त्रास खराच आहे. तिथल्या हवेसाठी ते योग्यच झाले. आपल्याकडेही आज ना उद्या तसे होईल म्हणून नातू विजेच्या भट्टीचा विचार करतो आहे. पण त्याला पैसा लागतो आणि गिऱ्हाईक लागते. परवा मला म्हणाला, "आजी, भट्टी बदलीन. पण बदलून खाणार कोण?"

गेल्या बैठकीत वर्धापनदिनाचा अल्पोपाहार पुण्याहून खोक्यांत मागवावा अशी सूचना आली होती. खोकी छान दिसतात, मला ठाऊक आहे. "बन-चहा काय द्यायचा, लोक हसतील," असेही एकीने म्हटले. म्हणून मी आज हा विषय घेतला. कुणाला उणे दाखवण्यासाठी नव्हे. पण ज्या आळीतल्या चुली संपात थंड होत्या तिथल्याच सुना, लेकी, नाती आज या सभेत बसल्या आहेत. त्या दारावरच्या रेघा कुणाकुणाच्या होत्या हे मी सांगणार नाही. फडक्याने पुसल्या त्या पुसल्या.

माझी विनंती एवढीच. येत्या दिवाळीला मंडळाची नानकटाई एकत्र मळून तिथेच भाजायला द्यावी, आणि भाजणावळ रोख द्यावी. घासाघीस करू नये. पण जास्तही देऊ नये. चाचांनी आम्हाला जसे पुरते मोजले, तसे आपण पुरते मोजावे.

आजच्या चहाबरोबर जो बन आपल्या हाती येईल तो तिथलाच आहे. चिटणीसबाईंनी माझा हट्ट पुरवला, त्यांचे मी आभार मानते. त्या लाद्या आणायला आज पहाटे सहाला मी स्वतः गेले होते. नंतर गर्दी असते, असे मला एकाने पन्नास वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते. आज गर्दी नव्हती. ती पुन्हा व्हावी, एवढी इच्छा धरून मी आपली रजा घेते.